माझ्या नावावर दुसराच कुणी मत देऊन गेला. मी काय करायला हवं होतं?

परळकर

नमस्कार मंडळी. सव्वा वर्ष हे मनात घेऊन फिरतोय, आज लिहून टाकतो.

२० नोव्हेंबर २०२४, विधानसभेचं मतदान. दुपारी साडेतीनच्या सुमारास बूथवर गेलो. पहिल्या टेबलावरच्या बाईंनी यादीवरून बोट फिरवलं, माझ्या नावाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "तुमचं झालंय." मला वाटलं चुकून दुसरं नाव बघतायत. डाव्या हाताचं बोट पुढे केलं, कोरं होतं. मग त्यांनी यादीच माझ्याकडे वळवली. माझ्या फोटोवरून लाल शाईची तिरकी रेघ गेलेली.

मागे रांग होती, कुणीतरी ओरडलं "अहो, आटपा ना." केंद्राध्यक्ष म्हणाले, थांबा, वर विचारतो. वीस-पंचवीस मिनिटं भिंतीला टेकून उभा राहिलो. पुढे काही होईना, तसा घरी आलो. वयाची एकोणीस वर्षं सोडली तर एकही मतदान चुकवलेलं नाही मी. त्या रात्री जेवण गेलं नाही.

आमची चाळ पुन्हा बांधायला पाडली, त्याला सहा वर्षं झाली. निम्मी बिऱ्हाडं संक्रमण शिबिरात, निम्मी भाडं घेऊन विरार, डोंबिवली, बदलापूर. वडील २०२१ मध्ये गेले. आणि या जानेवारीत पालिकेच्या मतदानाआधी जुन्या ओळखीचा एक कार्यकर्ता शिबिरात मतदार चिठ्ठ्या देऊन गेला, त्यात माझ्या चिठ्ठीखाली टाचणी लावून वडिलांची चिठ्ठी. पाच वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचा यादी क्रमांक, खोली क्रमांक, सगळं नीट छापलेलं.

दोन प्रश्न आहेत. तेव्हा मी काय करायला हवं होतं? आणि तोतया मतदार अडवायला बूथवर जे उपाय असतात ते खरंच चालतात का?

सावली

बापरे. "तुमचं झालंय" वाचूनच पोटात गोळा आला.

निवृत्त_मास्तर

परळकर, तुमच्यावर अन्याय झाला आणि तो तिथल्या तिथे थोडा तरी भरून काढता आला असता, हे वाचून वाईट वाटलं. एकतीस वर्षं पालिकेच्या शाळेत होतो, निवडणुकीची ड्युटी कितीदा केली त्याची गणती नाही. तीनदा केंद्राध्यक्ष होतो.

तुमच्यासारख्या माणसासाठी नियमात सोय आहे. निवडणूक संचालन नियम १९६१, नियम ४९पी. नाव आहे "प्रदत्त मत". आपल्या नावावर आधीच मत पडलंय असं जो सांगतो त्याला केंद्राध्यक्षाने ओळखीसंबंधी प्रश्न विचारायचे, उत्तरं पटली की त्याला मतपत्रिका द्यायची. मशीन नाही, कागदाची. नमुना १७बी च्या यादीत तुमची सही घ्यायची, तुम्ही बाणाच्या फुलीचा शिक्का मारून ती घडी घालून परत करायची आणि ती वेगळ्या पाकिटात बंद. प्रत्येक केंद्रावर अशा मतपत्रिका साहित्यासोबत दिलेल्या असतात. "वर विचारतो" म्हणायची गरजच नव्हती. पण आमच्यातल्या पुष्कळांना प्रशिक्षणातला हा भाग लक्षात राहत नाही, कारण दिवसभरात एखादाच प्रसंग येतो, तोही रांग वाढलेली असताना.

आता तो माणूस आत शिरला कसा? तीन टेबलं असतात. पहिलं यादी आणि ओळखपत्र तपासतं, नाव मोठ्याने पुकारतं. मोठ्याने अशासाठी, की मागे बसलेल्या पोलिंग एजंटांना, म्हणजे उमेदवारांच्या प्रतिनिधींना, ऐकू जावं आणि त्यांनी आपापल्या यादीत खूण करावी. दुसरं शाई लावतं, १७अ च्या नोंदवहीत सही घेतं. तिसरं चिठ्ठी घेऊन मशीन सुरू करून देतं. तुमच्या नावावर जो आला त्यानेही १७अ मध्ये सही किंवा अंगठा केलेला असणारच. ती नोंदवही सील होते, कोर्टाच्या हुकमाशिवाय उघडत नाही.

म्हणजे चूक पहिल्या टेबलावर झाली. चेहरा आणि फोटो ताडून बघायला दहा सेकंद लागतात. दुपारच्या उकाड्यात, रांग दारापर्यंत आलेली असताना तीच दहा सेकंद माणूस गाळतो. मी स्वतः गाळलेली नाहीत असं छातीठोक सांगू शकत नाही.

टिंब

मास्तर, मोलाची माहिती. पण ते पाकिटातलं मत मोजतात का?

वकीलीण

@टिंब, नेहमीच्या मोजणीत नाही. निवडणूक याचिकेत कोर्टाने हुकूम दिला तरच. निकालानंतर ४५ दिवसांत ती याचिका करावी लागते आणि फरक इतका कमी असावा लागतो की त्या मतांनी निकाल बदलू शकेल.

लगेच "मग काय उपयोग" म्हणू नका. २००८ मध्ये राजस्थानात नाथद्वारा मतदारसंघात एका मताने निकाल लागला आणि प्रदत्त मतांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आपल्याकडेही २०२४ च्या लोकसभेला मुंबई उत्तर पश्चिममध्ये फरक होता ४८ मतांचा. तिथेही प्रदत्त मतांचा मुद्दा हायकोर्टात मांडला गेला. याचिका फेटाळली गेली, पण मुद्दा मांडता आला तो कुणीतरी बूथवर हट्टाने ती मतपत्रिका मागून घेतली म्हणूनच. परळकर, तुम्ही घरी आलात तेव्हा तुमच्यासोबत पुरावाही घरी आला. दोष देत नाहीये, पुढच्या माणसासाठी लिहितेय.

दुसऱ्याच्या नावावर मत देणं हा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही.

आंग्रेवाडी

मी गिरगावात वीसएक वर्षं पोलिंग एजंट म्हणून बसतो. पक्ष सांगत नाही, इथे त्याचं काम नाही.

एजंटाच्या हातात एक हत्यार असतं ते फार थोड्यांना माहीत आहे: दोन रुपये. समोरचा माणूस खरा नाही असं वाटलं तर केंद्राध्यक्षांकडे दोन रुपये भरून आक्षेप घ्यायचा. मग ते आधी त्या माणसाला तंबी देतात, यादीतली नोंद वाचून दाखवतात. नंतर आपल्याला विचारतात, पुरावा काय, आणि त्या माणसालाही प्रश्न विचारतात. आक्षेप खरा ठरला तर माणूस पोलिसांकडे. खोडसाळ ठरला तर दोन रुपये जप्त.

एकदा एक पोरगा आला, आमच्याच वाडीतल्या एकाच्या नावावर. वय जुळत होतं, वडिलांचं नाव पाठ होतं. पण ज्याच्या नावावर आला तो माझ्यासोबत गणपतीत ढोल वाजवायचा, नोकरीसाठी बंगलोरला गेलेला. मी दोन रुपये ठेवले. केंद्राध्यक्षांनी शांतपणे विचारलं, "तुमच्या वाडीत मारुतीचं देऊळ शिरताना कुठल्या हाताला?" पोरगा म्हणाला, ओळखपत्र बाहेर मित्राकडे राहिलंय, घेऊन येतो. गेला तो गेलाच.

दुसरा प्रसंगही सांगतो, कारण तोच जास्त आठवतो. एक बाई आल्या. यादीतल्या फोटोत विशीतली मुलगी, समोर पांढऱ्या केसांच्या, वाळलेल्या. मी आक्षेप घेतला. त्या काही बोलेनात, डोळ्यांतून पाणी. शेवटी हळूच म्हणाल्या, "केमो चालू आहे हो." त्यांनी मत दिलं. मी बाहेर जाऊन माफी मागितली, त्यांनी मान हलवली आणि रिक्षात बसल्या. तेव्हापासून हात दोन रुपयांकडे जाण्याआधी शेजारच्या दुसऱ्या पक्षाच्या एजंटाला विचारतो, "तू ओळखतोस का?" आम्ही दिवसभर एकमेकांच्या विरुद्ध बसलेले असतो, पण या एका गोष्टीत खोटं बोलत नाही.

परळकरांच्या बूथवर असं झालं कारण चाळ गेली. एजंट नवा, रहिवासी पांगलेले, चेहरा ओळखणारं कुणी नाही. यादी मात्र जुन्या चाळीची.

सावली

आंग्रेवाडी, त्या बाईंचं वाचून गलबलून आलं.

शाईबद्दल कुणी बोललं नाही अजून. या जानेवारीत मार्कर पेनची शाई पुसली जाते असे व्हिडिओ सगळीकडे फिरले. माझ्या बोटावरची चार दिवसांत फिकी पडली. लोकसभेला लावलेली नखासोबत वाढत वाढत गेली होती.

निवृत्त_मास्तर

लोकसभा-विधानसभेची शाई म्हैसूरच्या कारखान्यातून येते, १९६२ पासून. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, ते कातडीत मुरतं आणि उजेडात काळं पडतं. पालिका निवडणूक घेतं राज्य निवडणूक आयोग, तो वेगळा. तिथे २०११ पासून मार्कर वापरले असं आयोगाने सांगितलं. माझं स्पष्ट मत आहे की बाटलीतली शाईच वापरावी. मतदाराला आपल्या बोटावर विश्वास वाटला पाहिजे.

पण शाई अडवते ती एकाच माणसाने त्याच दिवशी दोनदा येणं. परळकरांच्या नावावर जो आला तो कदाचित एकदाच आला असेल. त्याला शाई काय करणार?

टिंब

अवांतर: लोकसभेच्या मतदानानंतर चार दिवसांनी माझा साखरपुडा होता. अंगठी घालतानाच्या प्रत्येक फोटोत ते काळं नख आहे. आजी सगळ्यांना दाखवून सांगते, मुलगा जबाबदार आहे, बोट बघा. :)

राजापूरवाला

टोमणे बसणार हे माहीत असूनही लिहितो. माझं नाव भांडुपलाही आहे आणि गावीही आहे. आमच्या गावातल्या निम्म्या चाकरमान्यांचं असंच आहे. मला यात चोरी वाटत नाही. गावी घर आहे, घरपट्टी मी भरतो, विहिरीचा गाळ काढायला वर्गणी मी देतो, शिमग्याला पालखी माझ्या खांद्यावर असते. ग्रामपंचायतीत कोण बसणार हे ठरवायचा हक्क मला का नसावा? दोन्हीकडे एकाच निवडणुकीत मत कधी दिलेलं नाही. आमदारकीला मुंबईत, ग्रामपंचायतीला गावी.

मृण्मयी_ठाणे

राजापूरवाला, भावना पोचली, पण तुमचं मुंबईतलं किंवा गावातलं नाव ज्या निवडणुकीला रिकामं राहतं, त्या वेळी ते कुणाच्या तरी कामाला येऊ शकतं. परळकरांचंही असंच कुणीतरी वापरलं ना? पालिकेच्या प्रारूप यादीत १ कोटी ३ लाखांपैकी सुमारे ११ लाख नोंदी दुबार असू शकतात असं आयोगानेच म्हटलं होतं. त्या नावांपुढे दोन तारे छापायची वेळ आली.

वकीलीण

कायदा सांगते. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५०, कलम १७ आणि १८: एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघात आणि तिथेही एकदाच. कलम १९: पात्रता तारखेला (यादीसाठी वय मोजतात त्या तारखेला) १८ वर्षं पूर्ण आणि त्या भागाचा सर्वसाधारण रहिवासी. कलम २०: नुसतं घर मालकीचं आहे म्हणून कुणी रहिवासी होत नाही. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच निघते, त्यामुळे "तिकडची वेगळी, इकडची वेगळी" असं होत नाही. आणि अर्जात खोटं लिहून दिलं तर कलम ३१ खाली शिक्षा आहे.

राजापूरवाला, तुमचा गावावरचा जीव खोटा नाही. पण मतदाराच्या व्याख्येत पालखी नाही, मुक्काम आहे.

राजापूरवाला

मुक्काम म्हणाल तर एप्रिल-मे आणि गणपती, असे तीन महिने गावीच असतो, कंपनी बंद पडल्यापासून. घरी बोलतो. नाव कुठलं ठेवायचं हे ठरवणं सोपं नाही ताई, आईला वाटेल मी गाव सोडला.

गोधडी

सगळे दुबार-दुबार म्हणतायत म्हणून दुसरी बाजू. मी मुलुंडला एकाच इमारतीत बावीस वर्षं राहते. २०२४ च्या लोकसभेला, २० मे ला, भर उन्हात दोन तास रांगेत उभी राहिले आणि आत कळलं की यादीत माझं नावच नाही. नवऱ्याचं आहे, सासऱ्यांचं आहे, माझं उडालेलं. म्हणे "स्थलांतरित". घरी ना नोटीस आली ना कुणी माणूस.

हातात ओळखपत्र होतं, आधार होतं, पासपोर्ट होता. काही उपयोग नाही. यादीत नाव नाही म्हणजे मत नाही. परळकरांचं मत एकाने चोरलं. माझं कुणी चोरलं? यादी साफ करा म्हणताना माझ्यासारख्यांचं काय होतं तेही बघा.

वकीलीण

गोधडीताई, अगदी. नाव काढण्याआधी त्या माणसाला म्हणणं मांडायची संधी द्यायलाच हवी, हे कायद्यात आहे. १९९५ चा लालबाबू हुसेन खटला याच विषयावरचा आहे आणि त्यात मुंबईतल्या मतदारांच्याही याचिका होत्या. परदेशी असल्याच्या संशयावरून लोकांना "सिद्ध करा" म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ज्याचं नाव आधीपासून यादीत आहे ते रीतसर तपासून घातलंय असं धरून चालायचं, काढायचं तर कारण कळवा, पुरावा मांडू द्या. तुम्ही नमुना ६ भरून नाव पुन्हा घालून घ्या आणि उमेदवारी अर्जांची मुदत संपण्याच्या बऱ्याच आधी घ्या.

नवी_पालवी

मी ऑगस्टमध्ये १८ ची झाले. जानेवारीत मैत्रिणींनी मत दिलं, मला सांगितलं यादी १ जुलै २०२५ ची धरलीये. फार वाईट वाटलं. पुढच्या वेळी नक्की येईल ना नाव?

निवृत्त_मास्तर

येईल बाळा, पण आपोआप नाही, नमुना ६ भरावा लागेल. आता वर्षातून चार पात्रता तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. पूर्वी फक्त १ जानेवारी होती. १९८९ आधी तर वयच २१ होतं, आम्ही कॉलेज संपेपर्यंत ताटकळलो.

ओळखपत्राबद्दलही सांगून ठेवतो, दर वेळी यावरून वाद होतात. मतदार ओळखपत्र नसेल तर आधार, पॅन, पासपोर्ट, लायसन्स, बँकेचं फोटो असलेलं पासबुक, असे पर्याय चालतात. रेशन कार्ड चालत नाही. घरी येते ती मतदार चिठ्ठीही ओळख म्हणून २०१९ पासून चालत नाही, ती फक्त नंबर शोधायला. परळकरांच्या वडिलांची चिठ्ठी घेऊन कुणी आलं तर नुसत्या चिठ्ठीवर त्याला आत सोडणं ही बूथची चूक.

मृण्मयी_ठाणे

माझी आई पूर्ण अंध आहे. तिच्यासोबत मी जाते, माझ्याकडून लिहून घेतात की मत गुप्त ठेवीन आणि आज दुसऱ्या कुणाची सोबती झालेली नाही. माझ्या उजव्या बोटालाही शाई लावतात. या वेळी मशीनवरच्या ब्रेल खुणा चाचपून आईने स्वतः बटण दाबलं, मला नुसतं उभं ठेवलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "आज तुलासुद्धा माहीत नाही मी कुणाला दिलं."

परळकर

सगळ्यांचे मनापासून आभार. रोज रात्री वाचत होतो. काय केलं ते सांगतो.

वडिलांसाठी नमुना ७ भरला, सोबत मृत्यूचा दाखला. कारणांच्या रकान्यात "मृत्यू" वर खूण करायची असते. पाच वर्षं झाली, पण ती खूण करताना पेन जड झालं. त्यांनी १९७१ ला पहिलं मत दिलं होतं ते सांगायचे.

माझ्या स्वतःच्या नावाचं अजून अडलंय. शिबिर सायनला आहे. मास्तरांनी मला निरोपात लिहिलं की जिथे राहतोस तिथे नमुना ८ भरून नाव हलव. वकीलीणताईंचं म्हणणं की तात्पुरता बाहेर गेलेला माणूस रहिवासी राहतोच, कलम २० मध्येच तसं आहे, आणि बिल्डरसोबतच्या करारात परत यायची खोली लिहिलेली आहे. पण सहा वर्षांना तात्पुरतं म्हणायचं का? इथल्या गटाराची तक्रार मी ज्या नगरसेवकाकडे करतो त्याला मत देता येत नाही, आणि परळला ज्याला देतो त्याच्या हद्दीत माझं फक्त करारावरचं नाव आहे. अधिकाऱ्यांना लेखी विचारलंय. उत्तर आलं की इथे टाकतो.

मात्र एक काम झालं. आंग्रेवाडींनी लिहिलं होतं की चेहरा ओळखणारं कुणी उरलं नाही. म्हणून आमच्या भागाची मतदार यादी छापून आणली आणि रविवारी शिबिराच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून बसलो. जुन्या चाळीतले नऊजण. एकेक नाव वाचायचं आणि जो ओळखतो त्याने सांगायचं: आहे, गेला, कुठे राहतो. चहा दोनदा झाला. गेलेल्यांची चौदा नावं निघाली. त्यांच्या घरच्यांशी बोलून अर्ज भरून घेतोय, परस्पर कुणाचं काही करायचं नाही असं ठरलंय.

गोधडीताई, तुमची आठवण निघाली. तळमजल्यावरच्या एका काकूंचं नाव वाचलं तर सगळे म्हणाले, त्या करोनात गेल्या. पेन्सिलीने फुली मारणार तेवढ्यात एकजण म्हणाला, थांबा, मुलाचा नंबर आहे माझ्याकडे. विरारला फोन लावला. काकूंनीच उचलला. पहिला प्रश्न विचारला, "चाळ झाली का रे बांधून?"

गोधडी

परळकर, 🙏. खोडरबर जवळ ठेवत जा.

टिंब

आमच्या इमारतीतही करायचंय हे. यादी भागवार कुठे मिळते?

निवृत्त_मास्तर

महाराष्ट्राच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर. जिल्हा, मतदारसंघ, मग भाग क्रमांक. भाग क्रमांक माहीत नसेल तर १९५० ला फोन करा. आणि टिंब, यादी छापताना अक्षर मोठं ठेवा, म्हातारी माणसं वाचायला बसणार आहेत.